खिंडीतला जास्तीचा ससाणा

१

घाटनांदूरच्या वैजिनाथ मास्तरांना मोजण्यात आजवर कुणी हरवलं नव्हतं. शाळेच्या मैदानावर पोरं प्रार्थनेला उभी राहिली की मास्तर एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "तीनशे एक्क्याण्णव." हजेरीपटावर तेवढीच निघायची. घर लिंगायतांचं, वडलांचं किराणा दुकान धाकट्या भावाकडे. मास्तर विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीत आभाळ बघायचे.

पावसाळा सरला की उत्तरेकडून शिकारी पक्षी खाली येतात. ससाणे, भोवत्या, शिक्रे, मधूनच एखादा गरुड. गावाबाहेरच्या डोंगररांगेत एक खिंड आहे, तिच्यातून ते दक्षिणेला निघून जातात. सहा वर्षं मास्तर दिवाळीच्या सुट्टीत त्या खिंडीच्या तोंडाशी बसून त्यांना मोजत होते आणि आकडे मुंबईच्या एका पक्षीमंडळाला पाठवत होते. सहाव्या वर्षी मंडळाचं उत्तर आलं. आकडा फार मोठा वाटतो, एकच पक्षी घिरट्या घालताना पुन्हा मोजला गेला असावा, असं त्यात होतं.

मास्तरांनी ते पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"दोनदा मोजलं म्हणे. मी! दोनदा!"

जगदेवी तांदूळ निवडत होती. "मग यंदा दोघांनी मोजा की," ती म्हणाली.

ती सहज बोलून गेली, पण मास्तरांनी ते उचललं. खिंडीला दोन तोंडं होती. उत्तरेच्या टेकडीवर बसून आत शिरणारे मोजायचे, दक्षिणेच्या टेकडीवर बसून बाहेर पडणारे. दोन्ही आकडे जुळले की मंडळाची बोलती बंद. राहता राहिला दुसरा माणूस. जगदेवीची नजर अशी होती की किलोभर तांदळातला एक खडा ती परातीच्या पलीकडून उचलायची.

"तूच चल," मास्तर म्हणाले.

सत्त्याण्णव सालची भाऊबीज झाली, मुलगी शिवांजली बारावीच्या शिकवण्यांसाठी लातूरला परत गेली, आणि घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज उरला नाही. जगदेवीनं डबा भरला, काळी छत्री घेतली आणि एम-एटी गाडीवर मास्तरांच्या मागे बसली. "घरी बसून भिंतीच बघायच्या," ती म्हणाली. "त्यापेक्षा आभाळ बरं."

२

दिवसाचा क्रम पहिल्याच दिवशी पक्का झाला. सकाळी आठला मास्तर तिला दक्षिणेच्या टेकडीवर सोडायचे. मग गाडी घेऊन डोंगराला वळसा घालून, सात किलोमीटरच्या खडबडीत गाडीवाटेनं उत्तरेच्या टेकडीवर जायचे. दोन टेकड्यांमधलं सरळ अंतर तीन किलोमीटर असेल, पण मधली खिंड काट्याकुट्यांनी भरलेली. गाडीवाटेवरची वाडी दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली होती. दारांना कुलपं, चुलींवर धूळ. आसपास माणूस म्हणजे एक म्हाळू, साठीचा मेंढपाळ, त्याची मेंढरं दक्षिणेच्या उतारावर चरायची.

नऊ-साडेनऊला ऊन तापलं की हवा वर चढू लागायची आणि पक्षी यायचे. पंख ताठ पसरून, गोल गोल वर चढत, मग एका सरळ रेषेत खिंडीत. मास्तर दुर्बिणीतून बघत वहीत रेघ मारायचे. पाचला मोजणी बंद.

पहिल्या संध्याकाळी ते जगदेवीला घ्यायला आले आणि गाडी बंद न करताच विचारलं, "किती?"

"पंच्याऐंशी."

"माझ्याकडं चौऱ्याऐंशी." मास्तरांनी मान हलवली. "बस. पहिला दिवस हाय, चालायचंच."

दुसऱ्या दिवशी एकशे बारा आत शिरले, एकशे तेरा बाहेर पडले. तिसऱ्या दिवशी ढगाळ होतं. सव्वीस आत, सत्तावीस बाहेर.

तिसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण होईपर्यंत मास्तरांना कारण सापडलं होतं. खिंडीत एखादा शिक्रा मुक्कामाला असणार, तो रोज दक्षिणेला शिकारीला निघतो आणि आपल्या नकळत पाठीमागून परत जातो. त्यांनी जगदेवीची वही मागितली. चुकीचा पक्षी तिच्या नोंदींतच सापडणार होता.

जगदेवीला पक्ष्यांची नावं येत नव्हती. ती वेळ लिहायची आणि पुढे दोन शब्द. लहान, तपकिरी. पांढऱ्या पोटाचा. शेपूट लांब. तिन्ही दिवशी चार वाजून काही मिनिटांनी एक नोंद एकसारखी होती. मोठा, काळा, पंख हलवत नाही.

"हा शिक्रा न्हाई," मास्तर स्वतःशीच म्हणाले. आणि मोठ्यानं, "गरुड असंल. मलाच कसा दिसला न्हाई?"

जगदेवीनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. काहीतरी विचारायचं होतं तसं. पण मास्तर वहीत बुडालेले होते, आणि ती ताटं उचलून आत गेली.

३

चौथ्या दिवशी संध्याकाळी म्हाळू गाडीवाटेवर मेंढरं अडवून उभा होता. मास्तरांना थांबावं लागलं.

"मास्तर, एक विचारू का?"

"विचार की."

"दुपारच्याला तुमी बाईंसंगं गप्पा मारीत बसता. मग तिकडलं कोण मोजतंय?"

मास्तर हसले. "मी कुठं बसतो बाबा? मी त्या टेकडीवर असतो. दिवसभर."

म्हाळू हसला नाही. त्यानं काठीनं एका मेंढराला बाजूला सारलं. "मी रोज बघतो की. बाई छत्री धरून बसलेल्या, तुमी बाजूला. आता डोळं म्हातारं झालं म्हणा. पण माझी मेंढरं बी त्या टायमाला खाली उतरत्यात. हाकलली तरी वर चढत न्हाईत."

"कुणीतरी दुसरं असंल."

"दुसरं कोण? वाडी तर समदी उसाला गेली."

मेंढरं बाजूला झाली. मास्तरांनी गाडी पुढे काढली. दूरवर परळीकडून येणाऱ्या आगगाडीची शिट्टी ऐकू आली. म्हातारा दुपारी सावलीत डुलक्या घेत असणार, डुलकीत माणसाला काहीही दिसतं, असं त्यांनी ठरवून टाकलं. टेकडीखाली पोचल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "किती?"

"एकोणसत्तर."

मास्तरांकडे अडुसष्ट होते.

४

रात्री जेवताना मास्तरांनी विषय काढला. भाकरी मोडता मोडता, हसत.

"तो म्हाळू काय म्हणतोय माहितीय का? म्हणं दुपारी तुझ्याजवळ कुणीतरी येऊन बसतंय."

"कुणीतरी कावून?" जगदेवी म्हणाली. "तुमीच येता की."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"मी?"

"चारच्या सुमाराला. टोपी काढून बाजूला ठेवता, बसता. जरा वेळ बोलता. मग तो काळा दाखवता, मी लिहिते, आणि तुमी जाता." तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "काल तुमी विचारलं, मलाच कसा दिसला न्हाई म्हणून. मला वाटलं थट्टा करताय."

"जगदेवी, मी माझी टेकडी सोडून तुझ्याकडं येतोच कसा? सात किलोमीटर हाय. गाडीचा आवाज तरी आला का तुला?"

ती विचारात पडली. "न्हाई. मला वाटलं खाली लावून येता."

"आणि आल्यावर विचारलं न्हाई, कावून आलात म्हणून?"

जगदेवीनं ताटातली चटणी बोटानं एका बाजूला केली. "कसं विचारावं?" ती म्हणाली. "बरं वाटलं. इतक्या वर्षांत तुमी कधी असे येऊन बसला न्हाईत. शिवांजलीला करमत असंल का, विचारता. माझ्या गुडघ्याचं विचारता."

"गुडघ्याला काय झालं?"

"सांगितलं की तुमाला. परवा."

मास्तरांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी. ती खोटं बोलत नव्हती. ती घाबरलेलीही नव्हती अजून. ती घाबरत चालली होती, आणि ते त्यांच्या तोंडाकडे बघून.

"उद्या न्हाई गेलं तर?" तिनं विचारलं.

त्या क्षणी मास्तरांनी हो म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायला उरली नसती. पण त्यांनी पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं होतं की जे डोळ्यांनी तपासता येतं त्याला भ्यायचं नसतं. "उन्हाचं चढत असंल तुला," ते म्हणाले. "न्हाईतर कुणीतरी फिरस्ता माझ्यासारखे कपडे घालून बसतोय. उद्या त्याला पकडतो. शाळेची नळी घेऊन जातो."

शाळेच्या प्रयोगशाळेत एक टेलिस्कोप होता, पोरांना चंद्र दाखवायचा. त्याला सगळे नळी म्हणायचे. तीन किलोमीटरवरचा माणूस त्यातून समोरच्या गल्लीत उभा असल्यासारखा दिसे.

"कुणी आलं की छत्री मीट," मास्तरांनी सांगितलं. "कुणी बी येऊ दे. मी आलो तरी. छत्री मिटली की मी गाडी काढतो."

"बरं," जगदेवी म्हणाली.

५

पाचव्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मास्तरांनी नळी तिपाईवर बसवली आणि दक्षिणेच्या टेकडीवर रोखली. उघडी काळी छत्री, तिच्याखाली जगदेवीची हिरवी साडी, बाजूला डबा. सगळं स्पष्ट. त्यांना बरं वाटलं. एका डोळ्यानं नळी आणि दुसऱ्यानं आभाळ, असं त्यांनी दिवसभर चालवलं, आणि मोजणीत एकही रेघ चुकली नाही. साडेतीनपर्यंत बहात्तर.

मग पक्षी थांबले. वाराही पडला. मघापासून गवतात चंडोल बोलत होते, तेही गप्प झाले. मास्तरांनी घड्याळ बघितलं. चारला पाच कमी. ते नळीला डोळा लावून बसले आणि हलले नाहीत.

छत्री उघडीच होती. जगदेवी एकटी होती. तिनं वही मांडीवर घेतली. डाव्या हातानं गुडघा दाबला.

मास्तरांनी पापणी मिटून उघडली.

छत्रीखाली दोघं बसलेले होते.

चढणीवरून कुणी आलं नव्हतं. एवढं त्यांना नंतरही खात्रीनं सांगता येत होतं. पांढरा शर्ट, उघडं डोकं, आणि एक गुडघा वर घेऊन बसायची सवय, जी त्यांना स्वतःला आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. चेहरा छत्रीच्या सावलीत होता. जगदेवी त्याच्याकडे वळून बोलत होती. हात हलवत होती. मग ती हसली. एवढ्या लांबून हसू दिसत नाही, पण माणूस हसताना खांदे कसे हलतात ते दिसतं.

"छत्री मीट," मास्तर पुटपुटले. "जगदेवी, छत्री मीट."

छत्री मिटली नाही.

तिच्या शेजारच्यानं हात उचलला आणि बोट दाखवलं. त्या बोटाच्या रोखानं जगदेवीनं मान वळवली. मास्तर वाट बघत होते की बोट खिंडीकडे जाईल, आभाळात कुठंतरी जाईल. ते सरळ त्यांच्याच टेकडीकडे वळलं आणि थोडं वर स्थिरावलं. त्यांच्या डोक्याच्या थोडं वर.

जगदेवी बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि वही उघडली.

मास्तरांच्या उघड्या वहीवर सावली आली.

ऊन पश्चिमेकडून तिरकं येत होतं. डोक्यावरच्या पक्ष्याची सावली अशा उन्हात लांब पूर्वेला पडायला हवी, त्यांच्या मांडीवर नाही. हे विज्ञानाच्या मास्तरांना कळत होतं. तरी सावली तिथं होती. पंख पसरलेली, आणि त्या पंखांना टोकं नव्हती, ती वहीच्या दोन्ही कडांवरून खाली उतरून खडकावर पुढं गेलेली होती. वरून कापड ताणल्यासारखा बारीक आवाज येत होता. आवाज वाढत नव्हता, पण जवळ येत होता.

सहा वर्षं त्या टेकडीवर बसून वर बघणं एवढंच मास्तरांनी केलं होतं. त्या दिवशी त्यांनी वर बघितलं नाही.

६

वही, नळी, दुर्बीण, सगळं तिथंच टाकून ते उतारावरून धावले. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. सात किलोमीटरची वाट त्यांनी कशी कापली ते त्यांना आठवत नाही. रिकाम्या वाडीवरून जाताना एका बंद दाराच्या कुलपावर ऊन चमकलं एवढं आठवतं. पाठीवर ऊन लागत होतं, म्हणजे पाठीवर सावली नव्हती. तेवढ्याच एका गोष्टीला धरून ते चालवत होते.

दक्षिणेची टेकडी चढून वर आले तेव्हा जगदेवी एकटी होती. छत्री उघडीच होती. त्यांना बघून ती उठली, पण जवळ आली नाही. छत्री तिनं दोघांच्या मध्ये धरली.

"परत आलात?"

"छत्री मिटायची ठरली होती ना?" मास्तरांना धाप लागली होती.

"तुमीच म्हणालात, असू दे म्हणून."

"तो मी नव्हतो. जगदेवी, मी तिकडं होतो. नळीतनं बघत होतो तुला."

ती त्यांच्याकडे बघत होती. शर्टाकडे, हातांकडे, पायांतल्या चपलांकडे. तांदळातला खडा शोधावा तशी.

"तो काळा आज इकडं आलाच न्हाई," ती हळूच म्हणाली. "रोज तुमच्या टेकडीवरनं सुटून खिंडीतनं यायचा. आज खाली उतरला. तिथंच, टेकडीवर. मी लई वेळ बघितलं. परत वर चढला न्हाई."

"मग?"

"मग तुमी आलात."

काय सांगितलं म्हणजे ते तेच आहेत हे ठरेल? लग्नाची तारीख, सिरसाळ्याचं तिचं माहेर, शिवांजलीच्या जन्माची वेळ. जो तिच्याशी पाच दिवस शेजारी बसून बोलत होता त्याला यातलं काय ठाऊक नसेल?

"चल, घरी जाऊ," ते म्हणाले.

"मी चालत येते."

"अगं, गाव सात-आठ किलोमीटर हाय."

"चालत येते," जगदेवी म्हणाली.

७

मग दोघं चालत निघाले. मास्तर बंद गाडी ढकलत वाटेच्या डाव्या कडेनं, जगदेवी उजव्या कडेनं, मध्ये मिटलेली छत्री तिनं काठीसारखी धरलेली. म्हाळूची मेंढरं खालच्या ओढ्याशी गोळा होऊन उभी होती. म्हाळू दिसला नाही.

ती लंगडत होती. मास्तरांना ते आता दिसलं. दर पावलाला तिचा पदर एका बाजूला झुकत होता. किती महिने ती अशी चालत असेल, दुकानात, पाण्याला, जिन्यावर, आणि आपण पुढं चालत असू.

"लई दुखतोय का गुडघा?" त्यांनी विचारलं. जेवढ्या मायेनं विचारता येईल तेवढ्या मायेनं.

जगदेवी जागच्या जागी थांबली.

छत्री तिनं दोन्ही हातांनी धरली, टोक पुढं करून, आणि एक पाऊल मागं सरकली. मग आणखी एक. मागं ओढ्याचा कडा होता.

मास्तरांना समजायला एक क्षण लागला. पाच दिवस हा प्रश्न तिला याच आवाजात कुणी विचारला होता, ते त्यांना समजलं. आणि पंचवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, तेही.

त्यांना तिच्याजवळ जाऊन हात धरावासा वाटला. ते गेले नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं, गाडीला जोरानं किक मारली आणि वर्गात पोरांवर ओरडायचे त्या आवाजात म्हणाले, "उशीर होतोय. काय बघत बसलीस? आकडा सांग. किती झाले आज?"

गाडीचा आवाज डोंगराला जाऊन आदळला. जगदेवी कड्याशी उभी होती. तिच्या हातातली छत्री हळूहळू खाली आली.

"बहात्तर," ती म्हणाली.

"बस."

ती आली. बसताना तिच्या तोंडून बारीक कण्हल्याचा आवाज निघाला, तो मास्तरांनी ऐकला आणि काही विचारलं नाही. मग तिचा हात त्यांच्या खांद्यावर आला. आधी बोटं टेकली, थांबली, आणि मग पूर्ण हात टेकला.

मास्तरांनी गाडी गावाच्या दिशेनं घातली.